शेरूच्या वाटीत काय घालायचं?

शेरूचं क्रिएटिनिन २.४ आलं, त्या रात्री मी एक्सेल शीट उघडून बसले. ऑफिसात सर्व्हर बंद पडला की मी हेच करते.

शेरू आमचा गावठी कुत्रा, वय वर्षं अकरा. मी बारावीत असताना बाबांनी त्याला कात्रजच्या बसस्टॉपवरून भाजीच्या पिशवीत घालून आणलं. डॉक्टर म्हणाल्या, किडनीचा साधारण तीन-चतुर्थांश भाग निकामी होईपर्यंत हा आकडा सहसा वाढत नाही. म्हणजे आम्ही "म्हातारा झाला, पाणी फार पितो" म्हणून हसत होतो, तेव्हाच तो आजारी होता. हे ऐकल्यावर माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतं. किडनीच्या रुग्णांसाठीचे तयार दाणे वाटीत ओतले, तर काही केल्यासारखंच वाटत नाही. त्यात शेरूने ते हुंगले आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मग मला कच्चा आहार सापडला. कच्चं मांस, हाडं, कलेजी. कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा, त्याला निसर्गाचं खाणं द्या, बाकी शरीर बघून घेईल. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांचं 'गिव्ह युवर डॉग अ बोन' १९९३मध्ये आलं, तेव्हापासून हा विचार चांगलाच पसरला. धडधाकट कुत्र्याबाबत त्यावर वाद घालता येईल. पण शेरू धडधाकट नाही, एवढंच मी वाचताना सोयीने विसरत होते. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून रोज कोंबडीच्या माना आणायच्या, सकाळी साडेसहाला ग्रॅममध्ये मोजायच्या. शेरू वाटी चाटत चाटत गॅलरीपर्यंत ढकलत न्यायचा. इतका खूश तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

सहा आठवड्यांनी रिपोर्ट आला. फॉस्फरस ४.४ वरून ६.८, क्रिएटिनिन ३.१.

थकलेल्या किडनीला फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाही, आणि हाड म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरसचं कोठार. माझ्या शीटमध्ये प्रोटीनचा कॉलम होता, खर्चाचा होता, अगदी 'मूड'चाही होता. फॉस्फरसचा नव्हता. हे हाडांमुळेच झालं का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाल्या, फॉस्फरस बहुधा त्यामुळेच. किडनी कदाचित तशीही ढासळली असती, नक्की सांगता येणार नाही. हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कोड बिघडला तर जुनं व्हर्जन परत लावता येतं. शेरू एकच आहे.

माझ्या मैत्रिणीकडे डाल्मेशियन आहे. या जातीत जनुकीय दोषामुळे यूरिक ॲसिड लघवीत जास्त उतरतं आणि यूरेटचे खडे होतात; कलेजीत तर प्युरिन भरपूर, ज्याचं शेवटी यूरिक ॲसिडच होतं. यूरेटचे खडे आम्लधर्मी लघवीत होतात, स्ट्रुव्हाइटचे उलट अल्कधर्मी लघवीत. त्यातही कुत्र्यांमध्ये स्ट्रुव्हाइटच्या मागे बहुतेकदा इन्फेक्शन असतं, म्हणजे तिथे आधी अँटिबायोटिक लागतं. इतके वेगवेगळे आजार, आणि आम्हा दोघींच्या फोनमध्ये एकच रेसिपी!

नंतर शांतपणे वाचायला बसले. २०१२मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी किडनीचा आजार असलेल्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती रेसिपी तपासल्या. पोषणाच्या सगळ्या निकषांत बसणारी एकही निघाली नाही. लांडग्याचं म्हणाल तर २०१३च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं, की स्टार्च पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांमध्ये लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर पिढ्यान् पिढ्या जगल्याची ती खूण असावी. आई त्याला दूध-पोळी घालायची तेव्हा मी तिला अडाणी ठरवलं होतं. (किडनीला दूधही चालत नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

बाबांना डायबेटीस आहे. दर मे महिन्यात ते आंबा खातात. आईने डोळे वटारले की म्हणतात, "मी काय खातोय ते मला कळतं." मला राग येतो, पण मी त्यांचा हात धरत नाही. आंबा त्यांचा, साखरही त्यांचीच. शेरूच्या बाबतीत निर्णय माझा होता आणि रक्त त्याचं. त्याने मान आवडीने खाल्ली, ही काही संमती नव्हती. दिलं असतं तर त्याने चॉकलेटही आवडीने खाल्लं असतं. मी हे प्रेमापोटी केलं, यात खोटं काही नाही. फक्त त्या प्रेमात माझी भीती किती होती, ते मी कधी मोजलं नाही.

आणि तरीही तो गॅलरीपर्यंत वाटी ढकलत न्यायचा, तो आनंद खरा होता. उरलेल्या दिवसांतून तो काढून घेऊन मी त्याला थोडे जास्त दिवस देऊ बघते आहे. हा सौदाही मी त्याला न विचारताच केलाय.

आता पशुआहारतज्ज्ञांनी हिशेब करून दिलेलं खाणं असतं: भात, अंड्याचा पांढरा बलक, थोडं शिजवलेलं चिकन, फिश ऑइल, सप्लिमेंटची पावडर. शिवाय फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध. तो बहुतेक संपवतो, कधी निम्मं ठेवतो. मग मी हाताने भरवते.

संध्याकाळी फिरायला निघालो की चिकनवाल्याच्या कोपऱ्यावर तो अजून थांबतो. काल दुकानदाराने मान उचलून दाखवली, "ताई, हल्ली नेत नाही?" मी पट्टा आवळून धरला. शेरूने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली बसला. आम्ही तिथे बराच वेळ होतो.