शरण, पण कशाच्या बदल्यात?

नाशकातला शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक. तिथं शरण कोण आलं होतं असं विचारा, माणूस तोंडाकडं बघत राहतो.

दोस्तांनो, आफ्रिकेतली पोरं आली होती. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून विकायला नेलेली, ब्रिटिश आरमारानं भर समुद्रात सोडवलेली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस या पाद्र्यानं १८५४ साली शरणपूर वसवलं. पुढं तिथंच या पोरांना सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षर मिळालं. १९३० साली याच नाशकात काळारामाच्या दारात आपली माणसं मार खात होती. त्याच्या सत्तरेक वर्षं आधी गावाच्या कडेला परमुलखातलं पोर पुस्तक वाचत होतं! म्हणून पाद्र्याला उठसूट शिव्या घालणाऱ्यांत मी नाही.

पण मी सूतगिरणीत साच्यावर उभा राहणारा माणूस. पगाराच्या चिठ्ठीत काय कापलं ते आधी बघतो. इथं नाव कापलं, देव कापला. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, त्याचं प्रेत सोबतच्या माणसांनी शेकडो मैल वाहून किनाऱ्याला आणलं. त्या प्रवासाची रोजनिशी जेकबनं लिहिली. अक्षर त्याचं. नाव त्याच्या आईनं ठेवलेलं नव्हे.

आईपासून तोडलेलं, उपाशी पोर 'हो' म्हणतं. त्या 'हो'ला निवड म्हणायचं? बाबासाहेबांनी १९३५ला येवल्यात धर्म सोडायचं जाहीर केलं आणि १९५६ला धम्म घेतला. मधे एकवीस वर्षं. त्या पोरांना किती दिवस मिळाले असतील?

हे जुनं उकरतोय, कारण गेल्या पावसाळ्यात गावानं हाकललेलं एक पारधी कुटुंब आमच्या विहारात उतरलं. भाकरी दिली, चटया दिल्या. तिसऱ्या दिवशी आमचाच एक कार्यकर्ता म्हणाला, "आता यांची दीक्षा उरकून घेऊ."

मी म्हणालो, "भाऊ, पोरगं तापानं फणफणलंय. आधी दवाखाना, रेशनकार्ड, जातीचा दाखला बघू."

"मग धम्म सांगायचाच नाही का?"

त्याचा प्रश्न खोटा नाही. सांगायचाच. पण आपल्या चटईवर बसलेल्याला 'नाही' म्हणता येत नाही. त्याचं स्वतःचं छप्पर होऊ दे, मग सांगू, असं माझं मत.

त्यांच्या देवीचं गाठोडं महिनाभर विहाराच्या कोपऱ्यात होतं. त्यावरून मंडळात अजून भांडण आहे. रविवारी बैठक ठेवलीय.