अजरख कोणाच्या खांद्यावर?

एखादी कला वाचली, असे केव्हा म्हणायचे? कारागिराची चूल पेटत राहिली म्हणजे वाचली, की ज्यांच्या अंगावर ती पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांच्या अंगावर राहिली म्हणजे? कच्छमध्ये भुजहून अजरखपूर, धमडका, निरोणा अशी हुनरमंदांची गावे पाहत फिरताना हा प्रश्न आमच्या सोबतीला होता.

रस्ता देखणा आहे. उजाड माळ, वेडी बाभूळ, मध्येच उंटांचा कळप. पण या रस्त्यावरचे अजरखपूर हे गाव आपत्तीतून जन्मलेले आहे. धमडक्याचे खत्री मुसलमान कित्येक पिढ्या अजरख छापत आले. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने घरे तर पाडलीच, शिवाय तिथल्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. रंगाऱ्याचा अर्धा जीव पाण्यात! काही कुटुंबे उठली आणि भुजच्या पूर्वेला त्यांनी नवे गाव वसवले.

कापड धुवायचे, हिरड्याच्या पाण्यात बुचकळायचे, लाकडी ठशांनी छापायचे, निळीत बुडवायचे, पुन्हा धुवायचे, वाळवायचे. काळ्या रंगासाठी गंजके लोखंड गुळात आंबवायचे आणि चिंचोक्याच्या पिठाने ते दाट करायचे. अस्सल जुना अजरख दोन्ही बाजूंनी छापलेला. पहाटेच्या अंधारात खांद्यावर टाकताना सुलट-उलट पाहायला नको, असे त्याचे कारण सांगतात.

म्हणजे हे कापड होते गुरे राखणाऱ्या मालधाऱ्यांचे. लुंगी तेच, पागोटे तेच. पुढे गिरणीचे स्वस्त कृत्रिम कापड आले आणि हे गिऱ्हाईक गेले. निरोण्याच्या रोगन कामाचेही तेच झाले. एरंडेल उकळून दाट केलेल्या रंगाने पूर्वी खेड्यांतल्या नववधूंचे घागरे सजत. २०१४ साली रोगनचे चित्र ओबामांना भेट म्हणून गेले, २०१९ साली अब्दुलगफूर खत्री यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंद आहेच. आता गिऱ्हाईक मुंबईचे, अहमदाबादचे, परदेशातले.

मालधाऱ्यासाठी कारागिराने उपाशी राहावे, असे म्हणण्याचा हक्क आम्हाला नाही. हलाल रोजी कमावणाऱ्याला बाजार बदलावाच लागतो. खटकते ते आमचेच वागणे. 'हा आपला वारसा' म्हणून छाती फुगवायची आणि पुढच्याच वाक्यात दोनशे रुपये कमी करायला सांगायचे! सहा-सात हातांखालून गेलेल्या कापडाची अशी घासाघीस करणाऱ्याची निय्यत कोणती समजायची? आणि मालेगाव-भिवंडीत यंत्रमागाच्या खडखडाटात उभा जन्म काढणारा मोमीन विणकरही हुनरमंदच की. तिथे मात्र आपण कॅमेरा घेऊन जात नाही. तिथला रस्ता देखणा नाही, एवढेच का?

निरोण्याकडच्या वाटेवर आजही गुराख्यांच्या खांद्यावर अजरखाचीच नक्षी दिसते. कापड गिरणीचे, एकाच बाजूने छापलेले.