बंधाऱ्याजवळचं रान

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठची फड पद्धत ३०० वर्षांहून जुनी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी कुठल्या फडाला हे पंच ठरवणार आणि बारेकरी ते रानोरान भरून देणार. शेतकऱ्याने पाटाला हात लावला की दंड. मालकालाच आपल्या रानात पाणी धरायची मुभा नाही, हे बाहेरच्याला पटत नाही.

अशाच एका गावात एका तरुणाच्या वाट्याला वडिलांमागे चार फडांत चार तुकडे आले. या तुकड्यावरून त्या तुकड्यावर जाण्यातच त्याचा दिवस मोडायचा. तो चुलतभावाला म्हणाला, "पहिल्या फडातलं तुझं मोठं रान मला दे. माझे खालचे तिन्ही तुकडे तू घे." ते रान बंधाऱ्याजवळ, पाट अगदी बांधाला लागून. सौदा ठरला.

थोरल्या काकूने हटकलं. "अरे, वाडवडील खुळे नव्हते. पाणी तुटलं तर सगळ्यांचंच थोडं थोडं तुटावं, म्हणून तुकडे पाडलेत."

"काकू, पाणी आधी माझ्याच बांधाला येणार. मला कसली तूट?"

दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी पावसाने दडी मारली आणि दसऱ्यालाच नदीची धार बारीक झाली. पंच बसले. ऊस बंद. यंदा भिजेल तो एकच फड, तिसरा. त्यात खाण्यापुरता गहू-हरभरा. गावात प्रत्येकाचा तिथे चार वाफ्यांचा का होईना तुकडा होता. या गड्याचा नव्हता.

पाणी मात्र रोज त्याच्याच बांधावरून खाली जायचं. ढेकळं तापलेली, शेजारी पाट खळखळतोय. एका रात्री तो कुदळ घेऊन निघाला. पाटावर बारेकरी घोंगडी पांघरून बसला होता.

"फोड," म्हातारा म्हणाला. "माझ्याच्याने तू थोडाच अडणार आहेस! पण आत्ता पाळी तुझ्या थोरल्या काकूची आहे. तिचा हरभरा फुलावर आलाय, आणि तिला दुसरं काहीच नाही."

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग कुदळ खांद्यावर टाकून घरी गेला.

बारेकऱ्याने पंचांना कुदळीचं काही सांगितलं नाही. फडाला जागल्या हवा होता, त्याने याचं नाव सुचवलं. मग हंगामभर लोकांचं पीक हा राखत राहिला. रात्री रानडुकरं हाकलली, दिवसा गुरं. मळणीला खळ्याखळ्यावरून त्याच्या वाट्याचे दाणे आले. काकूचं सूप तर शिगोशीग भरलेलं. घर उपाशी राहिलं नाही.

पाडव्याला तो चुलतभावाकडे गेला. "अदलाबदल मोडू या."

"मोडू की," भाऊ म्हणाला. "पण तिन्ही एकदम नाही. तिसऱ्या फडातला आज घे. बाकी दोनांचं पाटाचा गाळ काढून झाला की बसून बोलू. आणि गाळ काढायला यंदा तू स्वतः ये, गडी पाठवू नकोस."