गार भाकरी, गार पाव

आजवर या अंकात माझं नाव आलं ते शेवटच्या पानावर, जमाखर्चाच्या खाली. बी. कॉम. झालेला, बँकेत ३६ वर्षं कारकुनी केलेला माणूस, म्हणून उत्सवाचा हिशेब माझ्याकडे असतो. यंदा मात्र लेखच मागितला गेला. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही, हे मी जाणून आहे. पण जेवणाच्या ताटावरून एक प्रश्न काही वर्षं मनात घर करून बसला आहे. तो आपल्यासारख्या दत्तभक्तांपुढे मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

प्रश्न असा. गुरुचरित्राच्या सप्ताहात आपण परान्न घेत नाही. छत्तिसाव्या अध्यायात तर श्रीगुरूंनी परान्नाचे दोषच सांगितले आहेत. आणि आपले दत्तमहाराज? काशीला स्नान, माहूरला शयन आणि भिक्षेला रोज कोल्हापूर. म्हणजे रोज दुसऱ्याच्याच घरचं अन्न! मग दुसऱ्याच्या घरचं अन्न टाळावं की घ्यावं? आणि ते घर परमुलखातलं असलं, तर?

पोथी इतक्या वेळा वाचली, पण हा प्रश्न तिथे सुचला नाही. सुचला तो जर्मनीत घडलेल्या एका गोष्टीमुळे, आणि तोही उशिरा.

२०१८ सालच्या थंडीत आम्ही उभयता लेकीकडे गेलो होतो. जावईबापू तिकडे नोकरीला आहेत. निघताना सौ.ने नागलीचं पीठ, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ असं काय काय बांधून घेतलं. आमच्या इगतपुरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. त्यामुळे शेतात भात, नागली आणि वरई. घाटमाथ्यावरच्या त्या ओल्या गारठ्यात वाढलेला मी. वाफाळता भात आणि तव्यावरून थेट ताटात पडलेली भाकरी, यालाच जेवण म्हणतात अशी माझी ठाम समजूत.

लेकीच्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्या राहत. त्यांनी आम्हा सगळ्यांना संध्याकाळी जेवायला बोलावलं. टेबलावर काळसर जाड पावाचे काप, लोणी, दोन-तीन तऱ्हेचं चीज, मुळ्याच्या चकत्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या आणि मधोमध पेटवलेली एक मेणबत्ती. त्या मेणबत्तीशिवाय गरम असं टेबलावर काहीही नव्हतं. मी मराठीत म्हणालो, "एवढ्या थंडीत बोलावून हे गार तुकडे वाढले? आपल्याकडे दारात आलेल्यालासुद्धा गरम घालतात."

लेकीचा चेहरा उतरला. बाईंनी तिला विचारलं, बाबा काय म्हणाले? लेक म्हणाली, टेबल फार छान मांडलंय असं म्हणतायत. बाई खूश झाल्या. त्यांनी माझ्या ताटलीत पावाचा आणखी एक काप ठेवला. मी तो अर्धा टाकला.

घरी आल्यावर लेकीने सांगितलं की, आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही हे कळल्यावर बाईंनी आठ दिवस आधी तिच्याकडून यादी करून घेतली होती. काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण वापरतात, म्हणून वेष्टनावरची अक्षरं वाचून वाचून त्यांनी आम्हाला चालेल असं चीज आणलं. जुन्या फळीवर मांस कापलेलं, म्हणून पाव कापायला नवी फळी आणि नवी सुरी आणली. मी "असेल" म्हटलं आणि विषय संपवला. लेकीला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं, हे मात्र तेव्हाही टोचलं होतं.

त्याच महिन्यात २२ डिसेंबरला दत्तजयंती आली. लेकीने घेवड्याची भाजी केली. अठराव्या अध्यायातली कथा आपण सगळे जाणतोच. घरात धान्याचा कण नाही, अशा गरिबाकडे श्रीगुरू भिक्षेला गेले आणि दारातल्या वेलाच्या शेंगांची भाजी त्यांनी आनंदाने घेतली. प्रसादाला त्या बाईंनाही बोलावलं. भाजीतल्या मिरचीने त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या हसल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा हाताने खाऊ लागल्या आणि ताट स्वच्छ करून उठल्या. मी छाती फुगवून म्हणालो, "बघा, आपल्या जेवणाची चव यांनाही कळते!"

परत आल्यावर माघात आम्ही गाणगापूरला गेलो. तिथे माध्यान्ही पाच घरी माधुकरी मागायची पद्धत आहे. झोळी घेऊन निघालो. एका घरी भात-आमटी मिळाली, एका घरी सकाळची गार ज्वारीची भाकरी आणि चटणी. एका ओसरीवर बसून ती भाकरी खाताना माझे डोळे भरून आले. म्हणालो, "इतकं गोड अन्न जन्मात खाल्लं नाही."

सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, एक विचारू? ही भाकरी पण गारच आहे. मग तिकडचा पाव का हो कडू लागला?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर कारकुनाच्या स्वभावाप्रमाणे एकेक सबब काढून तपासत बसलो.

पहिली सबब : गाणगापूरची भाकरी ही महाराजांची भिक्षा, तिकडचा नुसता पाव. पण आपली श्रद्धा काय? माध्यान्ही महाराज कोणत्याही रूपाने भिक्षेला फिरतात. कोणत्याही रूपाने मागणारे महाराज कोणत्याही रूपाने वाढणार नाहीत, आणि वाढले तरी भीमा-अमरजेच्या संगमापलीकडे जाणार नाहीत, ही हद्द कोणी आखली? ती मीच आखली होती.

दुसरी सबब : ते अन्न आपलं नव्हे. मग आपलं कोणतं? ज्वारी आणि नागली हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आल्या. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग मूळचे अमेरिका खंडातले. समुद्रमार्गे पोर्तुगीज येऊ लागल्यावर ते इकडे पोचले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. श्रीनृसिंहसरस्वती महाराजांचं गाणगापुरातलं वास्तव्य त्याच्या आधीचं. म्हणजे महाराजांच्या झोळीत मिरची कधी पडलीच नाही! ज्या कंदापासून आपला साबुदाणा करतात तोही अमेरिकेतलाच. एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची चौघेही परदेशी पाहुणे, आणि आपण ती उपासाला चालते म्हणतो.

तिसरी सबब : त्यांची पद्धतच विचित्र. पण पद्धतीला कारण असतं. राय नावाचं धान्य कडक थंडीत आणि हलक्या जमिनीतही तग धरतं, म्हणून तिकडे रायचा काळसर पाव, जशी आमच्या डोंगरउतारावर नागली. जुन्या जर्मन घरांत गरम जेवण दुपारी होई, आणि रात्री पाव-चीज. त्या जेवणाचं नावच 'आबेंडब्रोट', म्हणजे संध्याकाळचा पाव, आपण म्हणू संध्याकाळची भाकरी. आपला शेतकरी फडक्यात गार भाकरी-चटणी बांधून नेतो, त्याला आपण विचित्र म्हणत नाही. इथिओपियात तेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून आपल्या आंबोळीसारखा मोठा पोळा करतात. तो एकाच ताटात ठेवून सगळे जेवतात आणि मायेच्या माणसाला हाताने घास भरवतात. घास भरवणं आपल्याला कोणी शिकवायला हवं का?

आणि आमच्या गावातच धम्मगिरी आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेची शिबिरं तिथे १९७६ पासून होतात. देशोदेशीची माणसं दहा दिवस राहतात, सकाळी अकराला मिळेल ते साधं शाकाहारी जेवण घेतात. त्यांना मौन असतं, हे खरं. पण त्या टेबलावर थोडं मौन मलाही मानवलं असतं.

तिन्ही सबबी अशा गेल्या. मग पुन्हा पोथीकडे वळलो. छत्तिसाव्या अध्यायातला ब्राह्मण परान्न घेत नाही. त्याच्या बायकोला मात्र लोकांकडच्या मेजवान्यांची, तिथे मिळणाऱ्या वस्त्रांची ओढ असते. म्हणजे कथेचं मूळ त्या हावेत आहे. अवधूताने यदुराजाला २४ गुरू सांगितले, त्यांतही भुंगा आहे, तो फुलाला न दुखवता थोडं थोडं घेतो. अजगर आहे, तो गोड-कडू न बघता समोर येईल ते घेतो. आणि मासा आहे, तो जिभेपायी गळाला लागतो. परान्न टाळायचं ते जिभेला लगाम घालायला, आणि भिक्षा घ्यायची तीही जिभेला लगाम घालायला. माझ्या अल्पमतीला दोन्हींचं मूळ एकच दिसतं.

याचा अर्थ कोणाकडे काहीही खावं, असा मी करत नाही. मी मांसाहार करत नाही, करणार नाही. सप्ताहात परान्नही घेणार नाही. पण नियम हे माझ्या खात्यावरचं बंधन आहे. एकाच्या खात्यावरची नोंद दुसऱ्याच्या नावे टाकली तर बँकेत आमची चौकशी लागायची. माझा नियम त्या बाईंनी बिनबोभाट पाळला. नवी फळी आणून पाळला! नकार नियमाने देता येतो. निंदेला मात्र कोणत्याच नियमाचा आधार नाही. तैत्तिरीय उपनिषदाने तर अन्नाची निंदा न करणं हे व्रतच सांगितलं आहे, आणि त्यात आपलं अन्न, परक्याचं अन्न असा भेद केलेला नाही.

कोणी म्हणेल, मग न आवडलेल्याला गोड म्हणून खोटं बोलायचं का? नाही. त्या बाईंनी घेवड्याची भाजी आवडली, असं मुळीच म्हटलं नव्हतं. तिखट आहे म्हणाल्या आणि ताट संपवलं. खोटं बोलावं लागलं ते माझ्या लेकीला, माझ्या निंदेमुळे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सर्वात अवघड आहे. ती निंदा मी जर्मनीत शिकलो नव्हतो. ३६ वर्षं सौ.ने पहाटे उठून माझा डबा भरला. मीठ कमी पडलं त्या दिवशी संध्याकाळी मी घरी येऊन ते सांगितलं. डबा चांगला झाला, त्या दिवशी काहीच बोललो नाही. घरच्या ताटावर रोज जी जीभ सैल सुटत होती, तीच परक्याच्या टेबलावर सुटली. गाणगापूरच्या ओसरीवर सौ.ने तो प्रश्न केवळ त्या जर्मन बाईंच्या वतीने विचारला नव्हता, हे मला फार नंतर कळलं.

२०२० मध्ये पुन्हा जायचं ठरलं होतं. त्या बाईंकडे जेवायचं, ताटली स्वच्छ करायची आणि लेकीकडून त्यांना खरं काय ते सांगायचं, असं मनाशी योजलं होतं. टाळेबंदी लागली. नंतर त्या बाई मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. लेक म्हणते, "जाऊ द्या बाबा, त्यांच्या लक्षातही नसेल." पण न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकली म्हणजे हिशेब मिटत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो.

दत्तजयंतीला आमच्याकडे घेवड्याची भाजी असतेच. डिसेंबरातला इगतपुरीचा गारठा. आरती, नैवेद्य, मग पानं मांडणं होईतो भाजी गार होते. पूर्वी मी ती गरम करून मागायचो. आता तशीच जेवतो, आणि चांगली झाली असेल तर तसं सांगतो.

श्रीगुरुदेव दत्त!