साक्षी आणि प्रेक्षक

विवाहास साक्षी हवा. प्रेक्षक असलाच पाहिजे असे नाही. सप्तपदीस अग्नी साक्षी असतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यासही तीनच साक्षीदार पुरतात. मग छायाचित्रकारास ह्यांपैकी कोणत्या पंक्तीत बसवावे?

मोठ्या मांडवात हा परका मनुष्य गर्दीत लपतो. पैठण रस्त्यावरील चितेगावासारख्या गावी घरच्या अंगणात पंचवीस-तीस माणसांत लग्न लागते, तेव्हा त्याला लपण्यास जागा नसते. २०२१ साली महाराष्ट्रात लग्नास पंचवीस माणसांची मर्यादा पडली, तेव्हा मामा-मावश्यांसही गाळावे लागले. घरी राहिलेल्यांचे डोळे तोच झाला. हे त्याचे खरे काम होय, असे आम्हांस वाटते.

अंतरपाट वधूवरांस परस्परांपासून झाकतो. बाजूस उभ्या छायाचित्रकारास मात्र दोन्ही मुखे दिसतात. एवढा विश्वास ज्यावर टाकला, त्याने मर्यादा पाळावी. ‘हार पुन्हा घाला’ असे तो म्हणाला, की विधीचे नाटक होते. पहिला हार एकमेकांस घातलेला असतो, दुसरा पाहणारांस दाखविलेला.

पाठवणीच्या वेळी बापाचे डोळे भरतात, ते टिपावे काय? टिपावे, उद्या ती मुलगी तेच चित्र जिवापाड जपेल. पण ते दूरून टिपावे, आणि घरच्यांच्या संमतीवाचून चव्हाट्यावर मांडू नये. एखादा क्षण निसटला तर निसटू द्यावा. साक्षीदारास तरी सगळे कोठे आठवते? त्याने खोटे सांगू नये, एवढेच आपण त्याच्याकडून मागतो.