खुराड्यातली शांतता



पनवेलमधली जुनी बैठी घरे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा माणसांची सोय फ्लॅटमध्ये झाली, कोंबड्यांची झाली नाही. अशाच एका घरातल्या मावशी मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या आणि त्यांच्या तीन म्हाताऱ्या गावठी कोंबड्या आमच्या परसात आल्या. आमच्याकडे आधीच सात तलंगा होत्या. म्हाताऱ्या आता क्वचितच अंडी देणार हे ठाऊक होते. पण मावशींनी इतकी वर्षे सांभाळलेल्या पाखरांचा रस्सा करायला आमचे मन होईना.

नवी पाखरे एकदम कळपात सोडायची नसतात. आधी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायची, म्हणजे मानमोडीसारखा रोग असलाच तर लक्षात येतो. मग मध्ये जाळी लावून शेजारी ठेवायची. एकमेकींना दिसतात, पण टोचता येत नाही. शेवटी अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवायची. आम्ही हे सारे केले, तरी सकाळी टोचाटोची झालीच. आमची समजूत होती की वयाला मान मिळेल. कळपात तसे नसते. आधीपासून जागा धरून असलेलीचेच बहुधा चालते.

नॉर्वेच्या श्येल्देरूप-एब्बे यांनी १९२२ साली कोंबड्यांमधली ही उतरंड मांडून दाखवली. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणाकडून टोचून घ्यायचे, हे एकदा ठरले की मारामारी ओसरते. आमच्याकडेही पाचव्या दिवशी ओसरली. 'मिसळल्या एकदाच्या,' असे आम्ही म्हटलेसुद्धा. आठवड्याने त्यातली एक हातात घेतली, तर छातीचे हाड बोटांना लागले. तलंगांची पोटे भरेपर्यंत ती दाण्यांजवळ येतच नव्हती. भांडण थांबले होते, कारण तिने भांडणे सोडून दिले होते.

अशा शांततेला चांगले म्हणावे का? तलंगांना दोष देता येत नाही; तो त्यांचा स्वभाव आहे. पाप-पुण्याचा प्रश्न दाणे टाकणाऱ्याला लागू होतो. शुभवर्तमानात (मत्तय २३:३७) प्रभू येशू पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला देतो. पण कोंबडी घेते ती आपलीच पिले. परक्या, म्हाताऱ्या पाखराला कोणतीच कोंबडी पंखांखाली घेत नाही. ते काम सांभाळणाऱ्याचे. आम्ही दाण्यांचे आणि पाण्याचे दुसरे भांडे भिंतीच्या पलीकडे, तलंगांच्या नजरेआड ठेवले. उतरंड काही बदलली नाही, पण म्हातारीच्या अंगावर मांस धरू लागले.

मध्यंतरी मावशी कोंबड्या बघायला आल्या. नव्या घरी रमलात का, असे आम्ही विचारले. "रमले की. कोणाशी काही वाद नाही बघा," त्या म्हणाल्या. एरवी आम्ही एवढ्यावर समाधान मानले असते. या वेळी विचारले, "जेवायला किती वाजता बसता?"

"सगळ्यांचे झाले, की मग."

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर मावशी आमच्याकडे जेवायला येणार आहेत. त्यांच्या मुलालाही बोलावले आहे.