पहिला इशारा

२००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायमंट’ या पटावरील खेळात खेळाडू रत्नांच्या शोधार्थ गुहेत शिरतात. प्रत्येक पत्ता उलटण्यापूर्वी पुढे जावे की परतावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. सर्पाचा पहिला पत्ता कोणाचे काहीही हिरावत नाही. दुसरा निघाला की आत राहिलेल्यांची त्या फेरीतील सारी रत्ने जातात. आधी परतलेल्यांची मात्र सुरक्षित राहतात.

तो पहिला पत्ता म्हणजे कृपाच नव्हे काय? लूक १२ मधील धनवानाने मोठी कोठारे बांधण्याचे योजिले. तीच रात्र त्याची अखेरची ठरली. आपणांसही आजारपणातून, आप्ताच्या दफनातून, विवेकाच्या टोचणीतून इशारा मिळाला आहे. लोभाच्या वाटेवरून आजच मागे फिरा. खडकातील कबरेतून उठलेला प्रभू परतणाऱ्याला कधीच नाकारीत नाही.